चूक माझी, सर

आज मी बाबांच्या क्लासच्या हॉलवर लवकर पोचले. कंपनीची बस गव्हाण फाट्याला अडकली नाही, म्हणजे नवलच. रोज तिथे न्हावा शेवा बंदराचे कंटेनर एकमेकांच्या तोंडाशी येऊन उभे राहतात आणि आम्ही द्रोणागिरीच्या गोदामातली माणसं खिडकीच्या काचेला डोकं टेकून झोपा काढतो. आज रस्ता मोकळा मिळाला. एरवी मी खूश झाले असते. आज मनात आलं, मेली अडकली असती तर बरं झालं असतं, बाबांशी बोलायचं तेवढंच लांबलं असतं.

बोलायचं एवढंच होतं, की बाबा, आता कराटेचा क्लास बंद करा. मागच्या आठवड्यात तुमच्या हातून एका पोरीचं नाक फुटलं आणि चूक तिची नव्हती, तुमची होती. दोन वाक्यं. पण सबंध पनवेलमध्ये हे त्यांना सांगणारं माणूस नाही, कारण सांगू शकतील अशी सगळी माणसं त्यांच्याच हाताखाली शिकलेली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला शेवटी घरचीच पोर सापडली.

बाबा आत फरशी पुसत होते. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरा ड्रेस, कमरेला विटून राखाडी झालेला काळा पट्टा, आणि दोन्ही तळव्यांखाली गोणपाटाचं ओलं फडकं. ओणवं होऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकलत न्यायचं. पूर्वी ते हे पळत करायचे. आता मध्येच थांबतात, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेतात, आणि कुणी बघत असलं तर कोपऱ्यात कचरा शोधल्यासारखं करतात.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"चपला कशा ठेवल्यास?"

मागे वळून पाहिलं. तिरक्या पडल्या होत्या, एक उलटी. मी परत गेले आणि नीट लावल्या, टाचा भिंतीकडे, तोंडं रस्त्याकडे. माझं वय पंचेचाळीस. गोदामात माझ्या सहीशिवाय ट्रक हलत नाही. पण इथे आलं की अजून चपला बघितल्या जातात.

फडकं त्यांनी दिलं नाहीच. मी पायरीवर जाऊन बसले. पाय सुजले होते, डोकं जड झालं होतं. म्हटलं, पोरं यायला वेळ आहे, दोन मिनिटं बसते आणि मग बोलते. आपण अशा वेळी दोन मिनिटं म्हणतो आणि कुठल्या कुठे निघून जातो.

या हॉलचे वास मी डोळे मिटून ओळखीन. पावसाळ्यात न वाळलेल्या ड्रेसांचा कुबट वास. कितीही नीळ घाला, आईने त्यांच्यावरून कितीही गरम तवा इस्त्रीसारखा फिरवला तरी तो जायचा नाही. मागच्या खोलीत गणपती मंडळाच्या कनाती आणि बांबू पडलेले असायचे, त्यांचा एक जुनाट, उंदरांचा वास. दिवाळी झाली की गावाबाहेरच्या वीटभट्ट्या पेटायच्या. संध्याकाळी त्यांचा धूर खाली उतरून खिडक्यांतून आत यायचा, आणि ठोसा मारताना ओरडलं की घसा खवखवायचा. उन्हाळ्यात खाडीवरून वारा सुटला की खारट चिखलाचा आणि सुक्या मासळीचा वास. आणि बारा महिने फिनेल. फिनेलच्या बाबतीत बाबांचा हात भारी सढळ.

आई म्हणायची, "घरात चहाचा कप उचलून मोरीत ठेवत नाहीत, आणि तिथे गावाची फरशी पुसतात!"

खरंच होतं ते. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. दिवसभर खाली मान घालून बसायचे, साहेबापुढे तोंडातून शब्द फुटायचा नाही. संध्याकाळी मात्र त्या हॉलच्या दारात चपला काढल्या की त्यांचा कणा ताठ व्हायचा. कराटे ते कुठे शिकले, कुणी शिकवलं, हे मला आजही धड माहीत नाही. विचारलं की "मुंबईला असताना" एवढंच सांगायचे. दाराच्या आत ते सर, दाराबाहेर बाबा, आणि मी दोन्हीकडे तीच, त्यांना घाबरणारी आणि त्यांच्यावर जीव टाकणारी.

कवायतीचे आकडे जपानीत मोजायचे. इची, नी, सान, शी. आम्ही पन्नास पोरं एका सुरात ओरडायचो तर छपरातली कबुतरं फडफडून बाहेर पळायची. शेजारी भाताची गिरणी होती. तिथला हमाल पोती मोजताना इची, नी, सान म्हणायला लागला आणि पाचाला अडला की खिडकीत येऊन विचारायचा, "सर, पाचाला काय?" बाबा तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, "गो." मग तो "गो" असं मोठ्याने म्हणत पोतं पाठीवर घ्यायचा. गिरणी गेली. तिथे आता मोबाईलची दुकानं आहेत आणि वर चार मजले.

सुरुवातीला समोरच्या भिंतीवर एका जपानी म्हाताऱ्याचा फोटो होता. क्लास सुरू होताना सगळ्यांनी त्याला वाकायचं. थोड्याच दिवसांत त्याला कुणीतरी हार घातला. मग कुणाच्या तरी आजीने कुंकू लावलं. "कोण का असेना, देवमाणूस दिसतो," असं म्हणाली. बाबांनी पुसलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलेलं. मग एकदा कासमभाई आले. त्यांची शबाना माझ्या शेजारी उभी राहायची. दाराबाहेर चपला काढून, टोपी नीट करून ते अगदी अदबीने म्हणाले, "मास्टरसाहेब, पोरगी खुशीने येते. आमच्या घरात तुमची इज्जत आहे. पण फोटोपुढे ती झुकणार नाही. नाराज होऊ नका."

बाबा नाराज झाले नाहीत. ते बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी फोटो नव्हता, नुसता खिळा होता. आम्हाला त्यांनी दोन रांगांत समोरासमोर उभं केलं आणि म्हणाले, "आजपासून एकमेकांना वाकायचं. आणि सगळ्यात नवीन जो आला असेल, त्याला सगळ्यांनी सगळ्यात आधी." असा कायदा जगात दुसऱ्या कुठल्या कराटे क्लासात असेल असं मला वाटत नाही. पट्ट्यांच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की गोंधळायचे. कुठे बघून वाकायचं तेच त्यांना कळायचं नाही.

दिवाळीनंतर भट्टीवरची पोरं यायची. कातकऱ्यांची. आई-बाप विटा थापायचे, पोरं संध्याकाळी मोकळी. बाबा त्यांना भट्टीवर जाऊन बोलावून आणायचे. ड्रेस नाही, पट्टा नाही, केसांत विटांची लाल माती. ती नवीन, म्हणून डॉक्टरांचा मुलगा, वकिलांची मुलगी, आम्ही सगळे त्यांना आधी वाकायचो. जनी नावाची एक मुलगी पहिल्याच दिवशी झटकन मागे वळून बघायला लागली, की तिच्या मागे कोण उभं आहे, ज्याला हे एवढे लोक वाकताहेत. मागे कुणी नव्हतं. मग तिला कळलं, आणि ती अशी लाजली, अशी लाजली, की दोन्ही हातांनी तोंड झाकून खालीच बसली. पावसाच्या आधी भट्ट्या विझायच्या आणि ती सगळी पोरं डोंगराकडे निघून जायची. काही पुढच्या वर्षी परत यायची. जनी नाही आली.

तो आदर होता, हे मला त्या वयात कळत नव्हतं. मला तो कंटाळा वाटायचा. चपला सरळ लावा, फरशी पुसा, वाका, बोलायच्या आधी हात वर करा, मोठा बोलत असताना खाली बघू नका, लहान बोलत असताना मध्ये तोडू नका. कराटे कमी आणि हेच जास्त. शबाना कुजबुजायची, "हे तर घरी पण शिकवतात, फुकटात." आम्ही हसायचो, आणि बाबा हसणाऱ्याला ओरडायचे नाहीत, नुसते बघत राहायचे. त्यापेक्षा दोन रट्टे परवडले असते.

पण एक गोष्ट मला मनापासून आवडायची. शेवटच्या अर्ध्या तासात जोड्या करायच्या. एकाने ठोसा मारायचा, थेट समोरच्याच्या नाकावर, पूर्ण ताकदीने, आणि नाकापासून बोटभर अंतरावर मूठ थांबवायची. समोरच्याने हलायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत. बाबा म्हणायचे, "तो हलत नाही म्हणजे त्याने आपलं नाक तुमच्या स्वाधीन केलंय. एवढा मान तुम्हाला घरात कुणी देतं का रे? मग त्या मानाला जागा." नवीन मुलांना दाखवायला ते मला पुढे बोलवायचे. मी डोळे उघडे ठेवून उभी. मुठीच्या आधी वारा यायचा, मग मूठ, आणि ती तिथेच. लाल साबणाचा, फिनेलचा आणि ऑफिसच्या शाईचा वास नाकाला लागायचा, मूठ लागायची नाही. कधीच नाही. मी कुठे सगळ्यात निर्धास्त होते असं विचाराल, तर तिथे, बापाच्या मुठीच्या बोटभर अलीकडे.

आणि चुकून कुणाला लागलंच, तर भांडण नको म्हणून बाबांनी रीत घालून दिली होती. लागलं की दोघांनीही वाकायचं आणि दोघांनीही म्हणायचं, "चूक माझी." मारणाऱ्यानेही आणि मार खाणाऱ्यानेही. कोण खरा, कोण खोटा, हे बघायचंच नाही. पोरांची भांडणं खरोखर थांबली. पालक घरी येऊन सांगायचे, सर, काय जादू केलीत, भावाभावांत मारामारी होत नाही आता. बाबा मान हलवायचे. आतून फुलून जायचे, मला दिसायचं.

आमची पोरं गावात ओळखू यायची. भाजीबाजारात धक्का लागला आणि एखादा "चूक माझी" म्हणाला की समजायचं, हा सरांचा. आमच्यातल्या एकाला एसटी स्टँडजवळ रिक्षाने उडवलं होतं, चांगला हात मोडला. तो रस्त्यात बसून रिक्षावाल्याला म्हणाला, "चूक माझी." रिक्षावाला म्हणाला, "बरं बाबा, तुझी तर तुझी," आणि निघून गेला. हा किस्सा आम्ही वर्षानुवर्षं सांगून हसत आलो. आता सांगताना हसू येत नाही.

कारण मलाही ते दोन शब्द चिकटलेत. गोदामात माल चुकीच्या गाडीत चढला की माझ्या तोंडून आधी तेच निघतं, मग मी बघते की त्या दिवशी मी रजेवर होते. साहेब आता सवयीने माझ्याकडेच वळतो. घरी तेच, नातेवाइकांत तेच. अति तिथे माती म्हणतात ना, ती माती मी पुष्कळ खाल्ली आहे. बाबांना हे मी कधी सांगितलं नाही. ते शिकवलेलं मनापासून होतं आणि चांगलं होतं, त्याला नावं कशी ठेवणार?

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. दिवसभर खिडकीत. समोर पूर्वी भाताची शेतं होती आणि त्यांच्या पलीकडे डोंगराची एक लांब निळी रेघ. शेतं बुजवली, विमानतळासाठी डोंगर फोडले, सुरुंगांनी आमच्या काचा थरथरायच्या. आता तिथे धूळ आणि क्रेन. बाबा त्याच्याकडे बघत बसतात, पेपर दोनदा वाचतात, आणि साडेचार झाले की ड्रेस बाहेर काढतात. मग त्यांच्या अंगात जीव येतो. त्यांचा उजवा हात वर्षभर थरथरतोय. कपात चहा अर्धाच भरायचा, हे मी केव्हाच शिकले. डोळ्यांतला मोतीबिंदू काढला, पण अंतराचा अंदाज काही परत आला नाही. जिना उतरताना शेवटच्या पायरीला त्यांचा पाय हवेत चाचपडतो.

मागच्या आठवड्यात मी त्यांना घ्यायला आले, तेव्हा जोड्यांची वेळ होती. मी दारातच उभी राहिले. त्यांनी हर्षालीला पुढे बोलावलं होतं. हर्षाली दहा वर्षांची, दोन वेण्या, अंगात दम पण तोंडातून शब्द नाही. ती डोळे उघडे ठेवून उभी राहिली, अगदी खांबासारखी. बाबांचा हात गेला. आणि तो थांबला नाही.

फार जोरात नाही लागलं. टप् असा एक बारका आवाज झाला. मग पांढऱ्या ड्रेसवर लाल. पोरीने बाहीने नाक पुसलं, पाय जुळवले, वाकली आणि म्हणाली, "चूक माझी, सर."

मी वाट बघत होते. रीत होती ना, दोघांनी म्हणायचं. सगळा हॉल वाट बघत होता.

बाबा म्हणाले, "हलू नये बाळा. हललं की लागतं."

"ओस, सर," हर्षाली म्हणाली. क्लासात होकार असाच द्यायचा असतो. ती नाकावर हात धरून रांगेत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात हर्षालीची आई. सुगंधा. ती गव्हाणची. लहानपणी एसटीने क्लासला यायची, माझ्या मागच्या रांगेत असायची. लग्न होऊन पनवेलातच राहिली आणि पोरीला सरांकडेच घातली. हातात डबा होता, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी, बाबांना आवडते म्हणून. मला वाटलं, आता ही भांडणार. हक्कच होता तिचा.

"सर हायेत का?" ती म्हणाली. "पोरीच्या वतीनं माफी मागायला आले. ती हलली म्हून सरांना तरास झाला."

मी तिला हात धरून स्वयंपाकघरात नेलं. "सुगंधा, खरं सांग. ती हलली होती?"

ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "नाय," शेवटी म्हणाली.

"मग माफी कसली मागतेस? पोरीचं नाक फुटलंय!"

"मग काय सांगू, ताई? सर हायेत ते. माज्या तोंडातून निघंल का?" तिचे डोळे भरले. "आनखी पन पोरांना लागलंय. कोन बोलत नाय. पोरं घरी येऊन आपलीच चूक सांगतात, आन् आमी त्यांनाच रागं भरतो. तुमी सांगा. तुमी घरच्या हाय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि तोंड दाबायलाही कुणी नाही, आपलं आपणच दाबलेलं. त्या रात्री बाबा दोन भाकऱ्या जास्त जेवले. मी समोर बसून ती चटणी गिळत होते, आणि माझा राग नक्की कुणावर आहे ते मला कळेना.

म्हणून आज आले. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली होती. हॉलची सावली रस्त्यापलीकडे गेली होती. मी उठले आणि आत गेले.

"बाबा, बसा जरा."

हॉलच्या आत मी त्यांना बाबा म्हटलं, त्यावरूनच त्यांना कळलं असावं. फडकं बादलीत पिळून ते भिंतीला टेकून बसले. गुडघे दुमडत नव्हते, पाय लांब करून बसले.

"हर्षालीबद्दल बोलायचंय."

"ती हलली."

"नाही हलली. मी दारात होते. मी पाहिलं."

ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. डाव्या हाताने त्यांनी तो मांडीवर दाबून धरला होता.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"की नाही हलली. हात पोचला तेव्हाच कळलं."

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ते नाकारतील, चिडतील, रडतील. हे मी धरलंच नव्हतं. डोक्यात तिडीक गेली. "माहीत होतं? आणि दहा वर्षांची पोर रक्त पुसत चूक माझी म्हणते, ते तुम्ही उभे राहून ऐकून घेता? वर तिलाच सांगता हलू नकोस? हेच शिकवलंत होय आम्हाला एवढी वर्षं?"

"ती आधी बोलली गं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ती बोलली आणि मला वाटलं, बरं झालं. आता मला बोलायला नको. मी बोललो असतो तर दुसऱ्या दिवसापासून माझं इथे यायचं बंद. मग सहा वाजता मी करायचं काय? त्या खिडकीत बसून क्रेन मोजू?"

राग होता, आणि मायाही, दोन्ही एकदम. मी त्यांच्या शेजारी बसले. फरशी ओली होती, साडी भिजली, भिजू दे म्हटलं.

"मी दमलेय, बाबा," मी म्हटलं. "आणि आत्ताच सांगते, क्लास मी चालवणार नाही. मला जमणार नाही."

"मी कुठे म्हटलं चालव?"

"नाही, आधीच सांगितलेलं बरं."

"बरं केलंस," ते म्हणाले. बाहेर चपलांचे आवाज यायला लागले, पोरांचे आवाज, एकमेकांना "सरळ लाव ना" म्हणणारे. बाबा भिंतीला धरून उठले. पट्टा सोडून त्यांनी पुन्हा नीट बांधला. गाठ जमायला वेळ लागला. मी मदत केली नाही. ती कुणी केलेली त्यांना चालत नाही.

दोन रांगा झाल्या. पोरं एकमेकांना वाकली. पालक दाराशी थांबले होते, त्यांत सुगंधाही होती. मग बाबांनी हर्षालीला बोलावलं. ती आली आणि डोळे उघडे ठेवून उभी राहिली, अगदी तशीच. तिला वाटलं असणार, पुन्हा दाखवायचंय. तिचा वरचा ओठ किंचित थरथरत होता.

बाबा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. बसताना कळवळले. "हर्षाली, त्या दिवशी तुझं नाक फुटलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तू हलली नव्हतीस. चूक माझी होती."

ती झटकन वाकली. "नाही सर, चूक माझी."

"नाही बाळा. माझी."

"चूक माझी, सर."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा तेच म्हटलं, पुन्हा वाकली, अजून खाली. बाबांचा आवाज चढला. "मी सांगतो ना! तुझी नाही!" या हॉलमध्ये ते ओरडलेले मी आयुष्यात ऐकले नव्हते. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हात मात्र अंगाला चिकटलेले, आणि ओठ तेच शब्द पुटपुटत होते.

"म्हण," बाबा म्हणाले. आता ते विनवत होते. "एकदा म्हण, सर, चूक तुमची. कुणी रागावणार नाही तुला. म्हण."

तिने तोंड उघडलं. शब्द आला नाही. मी सुगंधाकडे पाहिलं, तीही दारात तोंड उघडून उभी, आणि तिच्याही तोंडून काही निघेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई गेली त्या दिवशीही हा माणूस इतका हरलेला मी पाहिला नव्हता.

मी पुढे गेले आणि हर्षालीच्या बाजूला बसले. "चूक कुणाची ते राहू दे गं," मी म्हटलं. "ते आपण बघायचंच नाही. तुला त्या दिवशी काय झालं, तेवढं सांग सरांना."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. मग हळूच एक बोट नाकावर ठेवलं.

"दुखलं, सर," ती म्हणाली. "खूप दुखलं." आणि भोकाड पसरलं, दहा वर्षांच्या पोरीने पसरावं तसं.

बाबा म्हणाले, "हो. दुखलंच असणार." एवढंच.

मग डावीकडच्या रांगेतून एका मुलाने हात वर केला, विचारल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून. बाबांनी मान हलवली.

"सर, मलापण लागलं होतं. ओठाला."

त्याच्या शेजारच्या मुलीनेही हात वर केला. मग मागच्या रांगेत आणखी एक. आणि बाबा तिथेच गुडघ्यांवर बसून एकेकाकडे वळत होते आणि म्हणत होते, सांग, तुला कुठे लागलं?